दुसऱ्या गिअरात

गाडी घाटात उतरायला लागली की तिचा आवाज आमच्या परसापर्यंत वर येतो. परसाच्या पलीकडं तुरीचा पट्टा, त्याच्या टोकाला बांध, आणि बांधाखाली डोंगर एकदम तुटलेला. तिथं उभं राहिलं की धारूरच्या घाटातली पहिली दोन वळणं दिसतात, तिसरं झाडीत जातं. गाडी दिसेनाशी झाली तरी आवाज येत राहतो. आदिनाथ सकाळी मालकाचा ट्रक घेऊन निघाला की मी लेकीला, दर्शीला, कडेवर मारून त्या बांधावर जाऊन उभी राहते. माझ्या सासूबाई केसरबाई, मी त्यांना आत्या म्हणते, वस्तीतल्या बायकांना सांगतात की नवऱ्याला टाटा करायला जाते. मी टाटा करायला जात नाही. ऐकायला जाते.

ऐकायला त्यानंच शिकवलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी माजलगावला जाताना मी केबिनमध्ये बसले होते आणि घाट सुरू झाल्यावर समोरचा दांडा घट्ट धरून डोळे मिटले होते. तो हसला. म्हणाला, मिटलेच हायेत तर कान उघडे ठेव. वरतीच लहान गिअर टाकायचा, मग सगळी गाडी इंजिन धरून ठेवतं, ब्रेकला थोडंच काम राहतं. आणि इंजिन गाडी धरून असलं की कण्हतं. "कण्हतंय तवर भ्यायचं न्हाई," म्हणाला. "गप झालं की भ्यायचं."

दिवाळी झाली आणि ते इंजिन गप व्हायला लागलं.

पहिल्यांदा वाटलं वारा असेल. सोयाबीनची पोती भरून गाडी निघालेली, पहिल्या वळणापर्यंत नेहमीसारखी कण्हत गेली, दुसऱ्याच्या अलीकडं आवाज तुटला. जसं कुणी पाटाचं पाणी दुसरीकडं फोडावं तसा. नुसती टायरांची सूंऽऽ वर आली. मी दर्शीचा हात इतका दाबला की ती रडायला लागली. तिच्या रडण्यात पुढचं काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला खाऊचा डबा धरायला देऊन गप बसवली. पुन्हा तेच. आवाज तुटला, मी वीसपर्यंत मोजलं, तेव्हा कुठं खालून, झाडीतून, पुन्हा कण्हणं सुरू झालं.

मला एकच कारण सुचलं, कारण ते कारण सगळ्यांना माहीत होतं. मालकाची दुसरी गाडी चालवणारा बंकट टपरीवर बसून सांगायचा की घाट लागला की तो गिअर काढतो आणि गाडी मोकळी सोडतो. डिझेल वाचतं, वेळ वाचतो, मालक खूश. आदिनाथ त्याला शिव्या द्यायचा. आता मला वाटायला लागलं की माणूस ज्याला एवढ्या शिव्या देतो, त्याच्यासारखंच करायला कधी लागतो हे घरच्यांना शेवटी कळत असेल.

एरवी मी दोन दिवस भांडून गप बसले असते. पण पुढच्या मंगळवारी ऊसतोडीची टोळी साखर कारखान्यावर निघणार होती. आमच्या वस्तीवरचे बारा कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या बारा जोड्या, त्यांची लेकरं, म्हातारीकोतारी, शेळ्या, पत्र्याच्या पेट्या, असा सगळा संसार त्याच गाडीत भरून त्याच घाटानं खाली जाणार होता. गाडी आदिनाथच चालवणार होता. गेल्या वर्षी मी दर्शीला घेऊन एकटी मागं राहिले आणि तिला ताप चढला तर दवाखान्यात न्यायला माणूस नव्हतं. म्हणून यंदा मी पण निघणार होते. पावणेतीन वर्षांची दर्शी माझ्या मांडीवर, त्या केबिनमध्ये.

तिचं नाव प्रियदर्शिनी आहे. मी हौसेनं ठेवलंय. आत्यांच्या तोंडात ते बसत नाही, म्हणून दर्शी.

दुसऱ्यांदा आवाज तुटला त्या संध्याकाळी आदिनाथ आला तेव्हा मी पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी त्याच्या शर्टाजवळ गेले. जळका वास होता. लाकडाचा नव्हे, केस आणि रबर एकत्र जळावं तसा, घशाला लागणारा. मी विचारलं. तो म्हणाला, तेलगावला हॉटेलच्या भट्टीपाशी बसलतो. मी म्हणाले, भट्टीत टायर जाळतात का.

आत्या चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. "तुझं नाक लई लांब हाय गं," म्हणाल्या. "कॉलेजात हेच शिकवत्यात व्हय, नवरा दमून आला की हुंगायचा?"

तो हसला नाही. यावर तो हसायला पाहिजे होता. तो खाली बसून डाव्या हाताचा तळवा मांडीवर घासत होता. जेवताना मी तो तळवा बघितला. अंगठा आणि बोटाच्या बेचक्यात कातडं सोलून काळं पडलेलं, त्यावर नवं सोललेलं. स्टेअरिंगचे घट्टे दोन्ही हातांना असतात. हे एकाच हाताला होतं. विचारलं तर म्हणाला, जॅक लागला.

आता माझ्याकडं तीन गोष्टी जमल्या होत्या: आवाज, वास आणि हात. मी कापूस वेचताना त्या एकमेकींना लावून बघत होते आणि त्या लागत नव्हत्या. गाडी मोकळी सोडणाऱ्याचा हात कशाला सोलेल?

त्यातच घरात वेगळाच गोंधळ झाला. दर्शीचा झोका आत्यांच्या जुन्या इरकली लुगड्याचा आहे, त्यांच्या स्वतःच्या लग्नातल्या. हिरवं अंग, लाल काठ. एका दुपारी मी दर्शीला झोपवायला गेले तर एका बाजूचा काठ नव्हता. चार बोटं रुंद, दोन हात लांब पट्टी सरळ फाडून नेलेली, कात्रीनं नव्हे, दातानं सुरू करून फाडतात तशी. मला वाटलं, आत्यांनी वाटेसाठी बोचकी बांधायला घेतली असणार आणि सांगितलं नसणार. आत्यांना वाटलं मी घेतली. सरळ काही बोलल्या नाहीत. शेजारच्या छबुबाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, आजकालच्या पोरींना चिंधी करायला बी सासूचंच लुगडं लागतं. मी दुपारी त्यांची बोचकी उचकून बघितली. संध्याकाळी माझी पेटी नीट लावलेली नव्हती. म्हणजे त्यांनीही माझी बघितली. काठ कुणाच्याच सामानात निघाला नाही, आणि आम्ही दोघी दोन दिवस एकमेकींशी दर्शीच्या मार्फत बोललो.

शनिवारी दर्शीला डोस द्यायला केजला नेली. जीपमधून उतरल्यावर दवाखान्याच्या आधी बसस्टँडमागच्या जमीलभाईंच्या गॅरेजवर गेले. जमीलभाई माझ्या माहेरचे, युसूफ वडगावचे. माझ्या भावाबरोबर शाळेत होते. सुंदरराव मालकाच्या दोन्ही गाड्यांचं काम त्यांच्याकडंच असतं. मी कशी विचारू याची मनात तयारी करून गेले होते. त्यांनीच आधी सुरुवात केली.

"बरी आलीस रोहिणी. तुझ्या नवऱ्याला सांग, जमील डुप्लिकेट माल टाकत न्हाई."

मला काही कळलं नाही. ते आत जाऊन एक ब्रेकचं लायनर, चाकातल्या ड्रमला घासतो तो पट्टा, घेऊन आले. ते काचेसारखं चकचकीत काळं झालं होतं आणि आडवं तडकलं होतं. नवरात्रात आपण नवं टाकलं होतं, ते हे, म्हणाले. वर्ष काढायला पाहिजे, महिन्यात गेलं. ड्रम पोळून निळा पडला होता. आणि आदिनाथनं मालकाला सांगितलं की मेकॅनिकनं हलकं लायनर टाकलं. सुंदररावांनी चार माणसांत जमीलभाईंना बोल लावला होता. त्यांनी खोकं काढून दाखवलं, त्यावरचं सील दाखवलं. मी खोक्याकडं बघितलं आणि मनात आलं की खोकं खरं आणि आतला माल खोटा असंही असू शकतं. हे माझ्या तोंडावर दिसलं असावं. त्यांनी खोकं ठेवून दिलं.

"बघ, उताराला गाडी इंजिनानं धरायची असती," ते हळू बोलले. "ब्रेक मारायचा तो दाबून, जरा वेळ, आन लगेच सोडायचा. त्येला थंड व्हायला टाइम द्यायचा. घाटभर पाय ठिवूनच उतरलं तर लायनर असंच काचावतं. मग दाबलं तरी धरत न्हाई. आन घाटभर पाय कोण ठिवतं? ज्येच्या गाडीला गिअर न्हाई त्यो."

"म्हणजे हे गिअर काढून सोडतात गाडी?"

"म्या काय बघाया गेलतो व्हय?" जमीलभाईंनी पाना उचलला. "गिअरबॉक्स उघडू दिला असता तर सांगितलं असतं."

मी विचारलं, ब्रेकच्या कामाला गिअरबॉक्स कशाला उघडायचा. ते गाडीखाली सरकले. खालून म्हणाले, डोस द्यायला उशीर होईल, जा. त्यांना मालकाचं काम टिकवायचं होतं. दवाखान्यात दर्शी सुईला भोकाड पसरून रडली आणि मी तिला धरून गिअरबॉक्सचं ते एक वाक्य घोळवत होते.

सोमवारी पहाटे गाडी आमच्या दारात उभी होती. मंगळवारी भरायची म्हणून आदिनाथनं रविवारीच आणून ठेवली होती. काचांवर दव होतं. तो पाणी तापायची वाट बघत चुलीपुढं बसला होता. मी शेण टाकायचं निमित्त करून बाहेर आले आणि केबिनमध्ये चढले.

काठ तिथं होता.

गिअरच्या दांड्याच्या मानेला दोन वेढे, आणि दुसरं टोक ड्रायव्हरच्या सीटखालच्या लोखंडी पट्टीला. लाल काठ, आता निम्मा काळा. गाठ ओढून ओढून दगडासारखी झालेली. मी दांड्याला हात लावला. मला गाडी चालवता येत नाही, पण एवढं कळतं की कुठलाही ड्रायव्हर गिअर बांधून ठेवत नाही. बांधायची वेळ तेव्हा येते जेव्हा तो राहत नाही.

तेव्हा सगळं लागलं. तो गिअर काढत नव्हता. गिअर निघत होता.

"खाली उतर," आदिनाथ दारात उभा होता. खांद्यावर पंचा. आवाज चढलेला नव्हता.

मी उतरले नाही. विचारलं, केव्हापासून.

पोळ्यापासून, तो म्हणाला. तिसरा गिअर. चढाला काही नाही, सपाटीला नाही. उताराला इंजिनावर भार आला की दांडा आपोआप मधे येतो. आणि एकदा सुटला की गाडी पळायला लागते, मग परत बसत नाही, नुसता करकरतो. मग ब्रेकवर उभं राहून गाडी हळू करायची, तेव्हा कुठं दांडा आत जातो. म्हणून तो आधी डाव्या हातानं दाबून धरायचा, वळणं एका हातानं घ्यायचा. हात राहीना, तेव्हा काठ बांधला. काठानं पहिलं वळण निघतं, कधीकधी दुसरं.

मालकाला माहीत होतं. सुंदरराव म्हणाले होते की ऊस संपल्यावर गिअरबॉक्स उघडू, आता सीझनच्या तोंडावर गाडी उभी करायची नाही, आणि जमत नसेल तर बंकट दोन्ही गाड्यांना माणूस देतो. म्हणून जमीलभाईंवर ढकललं, म्हणून भट्टीची गोष्ट, म्हणून जॅक. तो हे सगळं दांड्याकडं बघून सांगत होता, जसं काही चूक दांड्याची होती.

"दुसरा सुटतो का?"

"न्हाई."

"मग दुसऱ्यात उतरा की."

तो पहिल्यांदा हसला, कसंनुसं. "दुसऱ्यात? माणूस चालत गाडीच्या म्होरं जाईल. मागं भोंग्यांची लाइन लागती. बंकट मला टपरीवर काय म्हणतो ठावं हाय का? बैलगाडीवाला."

मला हसू आलं नाही, रागही आला नाही. चाळीस माणसं आणि माझी पोरगी, आणि मधे टपरीवरचा एक शब्द. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला आणि मग पायरीवर बसला.

"उद्या दुसऱ्यात उतरतो. दर्शीची शप्पत."

"तिची नको."

"मग कुणाची घेऊ?"

"कुणाचीच नको. मी शेजारी बसणार हाय."

त्यानं ती गाठ दातानं सोडवली आणि काठ गुंडाळून खिशात घातला. आत्यांना सांगू नको, म्हणाला. मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही.

मंगळवारी उजाडताच भरणी सुरू झाली. खाली सरपण आणि पेट्या, त्यावर वाकळा, त्यावर बायका-पोरं, कडेला पुरुष, मागच्या फळीला शेळ्या. कोयते पोत्यात गुंडाळलेले. आत्या सगळ्यांत वर, वाकळांच्या ढिगावर, टोळीतल्या सगळ्यांत जुन्या म्हणून. छबुबाईचं तान्हं त्यांच्याच मांडीवर. मी आदिनाथच्या हाताकडं बघत होते. त्यानं टायर ठोकून बघितले, इंजिन चालू करून ब्रेकच्या हवेचा काटा वर येईपर्यंत थांबला. सगळं नीट करत होता. एवढं नीट बघूनच मला धाकधूक होत होती.

निघणार तेवढ्यात सुंदरराव आले. पांढरा शर्ट, हातात दोन फोन. बंकटची गाडी दुसऱ्या वस्तीची टोळी घेऊन पुढं गेली होती आणि दहाच्या आत सगळ्या टोळ्या तेलगावच्या फाट्यावर जमायच्या होत्या. ते आमच्याच केबिनमध्ये बसणार होते. मी मधे सरकले. दर्शी मांडीवर, माझा उजवा गुडघा गिअरच्या दांड्याला टेकलेला, डावीकडं मालक. त्यांच्या अत्तराचा वास आणि डिझेलचा वास एकत्र झाला होता.

धारूर मागं पडलं. घाटाच्या तोंडाशी थोडी सपाटी आहे आणि तिथं पाटी आहे, पुढं तीव्र उतार, वाहन कमी गिअरमध्ये ठेवा. आदिनाथनं गाडी हळू केली. त्याचा हात दांड्यावर आला आणि मला गुडघ्याला कळलं की तो दुसऱ्याकडं ढकलतोय.

सुंदरराव फोनवरून मान न उचलता म्हणाले, "काय रं, मिरवणूक काढायलास का? बंकट खाली पोचला बी."

दांडा थांबला. आदिनाथनं माझ्याकडं बघितलं नाही. मी त्याच्या गालाकडं बघत होते. तिथं एक शीर हलत होती. मग दांडा माझ्या गुडघ्याला घासून मागं गेला. तिसरा.

मला नाही वाटत की त्याला मालकाची भीती होती. भीती असती तर मी समजून घेतलं असतं. त्याला फक्त लाज वाटली, आणि ती मला पुरती कळली, कारण कॉलेजातून वस्तीवर आल्यापासून मीही किती गोष्टी लाजेपोटी गप गिळल्या होत्या. पण गुडघ्याला दांडा आतून थरथरत होता, आणि पहिलं वळण अजून यायचं होतं.

"थांबवा," मी म्हणाले.

त्यानं ऐकलं नसल्यासारखं केलं.

"अहो, थांबवा. दर्शीला ओकारी येतीय."

ते खोटं होतं. दर्शी खिडकीतून माकडं बघत होती. पण ओकारीला मालकही घाबरतो. सुंदररावांनी शर्ट सावरत म्हटलं, थांबव रं. गाडी डोंगराच्या अंगाला कडेला लागली, हवा सुटल्याचा आवाज झाला. मला वाट द्यायला सुंदररावांना आधी खाली उतरावं लागलं. मी त्यांच्यामागून उतरले, दर्शीला रस्त्याच्या कडेला उभी केली नाही. कडेवरच ठेवली. मागच्या चाकाला दगड लावला. तो मला नीट उचलला गेला नाही, लोटतच नेला. मग वर बघून आत्यांना हाक मारली.

"आत्या, गाडीचा तिसरा गिअर सुटतोय. पोळ्यापासून. उताराला राहत न्हाई. सगळे खाली उतरा."

वरून चार डोकी बाहेर आली. एक शेळी ओरडत राहिली.

सुंदरराव हसले, बायकांपुढं हसतात तसे. म्हणाले, "केसरबाई, सून शिकलेली हाय म्हणून डोक्यावर बसवली का? अशी गाडी गेले दोन महिने चालतीय की."

आत्यांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं पण नाही. त्या केबिनच्या दारात उभ्या असलेल्या लेकाकडं वाकून बघत होत्या.

"आदिनाथ. खरं हाय का ते?"

 तो आता नाही म्हणू शकत होता. नाही म्हणाला असता तर सगळ्यांनी त्याचंच खरं मानलं असतं आणि मी उरलेला जन्म नवऱ्याची गाडी घाटात अडवणारी बाई म्हणून काढला असता. त्यानं खिशात हात घातला. गुंडाळलेला काठ बाहेर काढला आणि वर धरला. वाऱ्यानं तो उलगडला. लाल, निम्मा काळा, दांड्याच्या मानेच्या घडीसकट.

"ह्येनं बांधून चालवतो," तो म्हणाला.

आत्यांनी काठाकडं बघितलं. "हे माझं लुगडं," म्हणाल्या. मग छबुबाईचं तान्हं तिच्याकडं दिलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि चाकावर पाय ठेवून, कुणाचा हात न धरता, खाली उतरल्या. "उतरा गं सगळ्या. पोरास्नी धरा."

आधी बायका उतरल्या, मग पुरुष, मग शेळ्या. सुंदरराव एकदा फोनवर बोलले, एकदा नुसतेच ओरडले की फाट्यावर लोक खोळंबलेत.  उत्तर द्यायचं सोडून सगळे उतरत होते. आत्यांनी सगळ्यांना नेमून दिलं: गाडीच्या मागून, डोंगराच्या अंगानं, एका ओळीत. म्होरं कुणी जायचं नाही. आदिनाथ एकटा वर चढला. त्यानं वर बसूनच हाक दिली, दगड काढ. मी काढला.

दुसरा गिअर पडला. मला बाहेरूनही कळलं. गाडी सुटली तशी लगेच धरली गेली, आणि कण्हायला लागली. इतक्या हळू की शेवटच्या शेळीलाही पळावं लागलं नाही.

सुंदरराव आधी केबिनमध्ये चढायला गेले होते. पायरीवर एक पाय ठेवला, मग काय वाटलं कोण जाणे, काढून घेतला. जरा पाय मोकळे करतो, म्हणाले, आणि आमच्या ओळीत मागं चालायला लागले. त्यांच्या चामडी चपला उताराला घसरत होत्या. पहिल्या वळणावर त्यांनी त्या काढून हातात घेतल्या. कुणी हसलं नाही. पण छबुबाईनं तोंडाला पदर लावला होता.

मागं गाड्या साचल्या, भोंगे वाजले. एक जीपवाला ओरडून विचारत गेला, बे, बैल कुठं ठिवलेत? केबिनमधून उत्तर आलं नाही. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. दुसऱ्याच्या अलीकडची ती जागा आली, जिथं वर बांधावर मला वीस मोजायला लागायचे. मी मोजायला सुरुवात केली आणि मोजायला काही नव्हतं. इंजिन कण्हत होतं. वळणापाशी ब्रेकचे लाल दिवे लागायचे, जरा वेळ, आणि विझायचे. पुन्हा लागायचे, पुन्हा विझायचे. तो पाय काढत होता. दर्शी माझ्या खांद्यावर झोपली. तिचं वजन दुप्पट झालं, आत्यांनी न बोलता तिला माझ्याकडून घेतलं.

खाली पोचायला तास गेला. गाडी झाडाखाली उभी राहिली. आम्ही पोचेपर्यंत आदिनाथ उतरून चाकापाशी उभा होता, आमच्याकडं पाठ करून. आत्यांनी दर्शी छबुबाईकडं दिली, मागच्या चाकापाशी गेल्या, कंबरेत वाकल्या आणि नाक पार ड्रमजवळ नेलं. सगळी टोळी बघत होती.

"वास न्हाई," त्या म्हणाल्या. मग सुंदररावांकडं वळल्या. "मालक, गिअर नीट झाल्याबगर ही टोळी ह्या गाडीत परत घाट चढायची न्हाई. चढलो की उतरावं लागतंय."

सुंदररावांनी चपला घातल्या. फोन कानाला लावून दूर जाऊन बोलले आणि येऊन सांगितलं की जमील शनिवारी कारखान्यावर येतोय, गिअरबॉक्स उघडतो. कानावरून फोन काढताना त्याची काच मला दिसली. ती काळीच होती, फोन लागल्यासारखी दिसली नाही. कदाचित कानाला लावल्यावर तशी होत असेल. मी माझ्या फोनवरून जमीलभाईंना शनिवारचं विचारून ठेवलं. ते म्हणाले, मला कुणाचा फोन आला न्हाई, पण येतो.

सुंदरराव मागून आलेल्या एका जीपनं फाट्यावर गेले. आदिनाथला जाताना काही बोलले नाहीत. ते कारखान्यावर बोलतील.

टोळी पुन्हा चढली. मी केबिनमध्ये माझ्या जागी बसले. आदिनाथनं काठ माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाला, झोक्याला शिव. मी तो पेटीत ठेवला नाही. घडी करून मुठीत धरला. त्यानं परत दिला म्हणजे आता लागणार नाही, की दुसरीकडून कापड मिळेल म्हणून दिला, हे मला ठरवता येत नव्हतं.

 पुढं ओढ्यावरच्या पुलाकडं रस्ता जरासा खाली जातो, एवढासा की त्याला कुणी उतार म्हणणार नाही. त्याचा हात दांड्यावर आला. माझं लक्ष तिकडं गेलेलं त्याला दिसलं.

"दुसरा टाकतो," तो मोठ्यानं म्हणाला आणि टाकला.

पूल गेला. "तिसरा," म्हणाला. मग चौथा. पुढच्या उताराला पुन्हा "दुसरा". सबंध वाट तो एकेक गिअर मला बोलून दाखवत गेला, शाळेत पाढे म्हणून दाखवावेत तसा, समोर रस्त्याकडं बघत. मी ऐकत होते, आणि दांड्याकडं बघत होते.